बावीस वर्षं उशिरा आलेला मथळा

मराठी वृत्तपत्रांचे क्रीडा संपादक, उपसंपादक आणि रात्रपाळीत पान लावणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

२९ मे २०२४ च्या रात्री अथेन्समध्ये कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत झाली. जादा वेळेत, ११६व्या मिनिटाला अयूब एल काबीने गोल केला आणि ग्रीसच्या ओलिंबियाकोस क्लबने इटलीच्या फिओरेन्तिनाला १-० असं हरवलं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते, तुमची पानं केव्हाच सुटली होती, त्यामुळे सविस्तर बातमी आली ३१ तारखेच्या अंकात. मी ती सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. मथळा होता, क्लबला पहिलंच युरोपीय विजेतेपद. खाली बातमीत त्याच्याही पुढची मजल. युरोपात अजिंक्यपद मिळवणारा हा म्हणे ग्रीसचा पहिलाच क्लब.

अंकाचं नाव घेत नाही, कारण पुढे आठवडाभरात हेच वाक्य मला आणखी दोन ठिकाणी भेटलं. एका कचेरीत फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. "काका, एजन्सीची कॉपी आली तशीच लावली," म्हणाला. मी म्हटलं, एजन्सीने 'फुटबॉलमध्ये' लिहिलं असणार, तो एक शब्द तुमच्याकडे भाषांतर करताना गळला. तो म्हणाला, "मथळ्यात मावत नव्हता." ही अडचण मला समजते. चार कॉलमच्या मथळ्यात काय काय बसवायचं! पण त्या न मावलेल्या एका शब्दात त्या क्लबचा सगळा जलतरण विभाग बुडाला, आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात मी लिहून पाठवलेलं दहा ओळींचं पत्रही त्याच्यामागोमाग तळाला गेलं. म्हणून आता हे लांबलचक आणि उघड पत्र.

माझा अधिकार एवढाच की मी जन्मभर जहाजांच्या इंजिन रूममध्ये काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातल्या कंपन्यांची जहाजं चालवली. कोकणातल्या कितीतरी घरांत पिरेअस हे नाव पगाराच्या चिठ्ठीवरून माहीत असतं. मला ते पेरामाच्या दुरुस्ती गोदीत काढलेल्या महिन्यांमुळेही माहीत आहे. ज्या क्लबबद्दल तुम्ही लिहिलंत तो त्या बंदराचा क्लब. १० मार्च १९२५ ला त्याची स्थापना झाली. पिरेअसमधले दोन क्लब बरखास्त करून एक केला गेला, आणि त्याला 'ओलिंबियाकोस' हे नाव सुचवलं ते नोतिस कांबेरोस नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने. बोधचिन्हावर पानांचा मुकुट घातलेला ऑलिंपिक विजेता तरुण, तोही त्याचीच सूचना. पूर्ण नावाचा अर्थ होतो 'पिरेअसच्या क्रीडाप्रेमींचा ओलिंबियाकोस संघ'. त्या नावात फुटबॉल कुठेही नाही, हे पाहून घ्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या पानांवर ती नेहमी उलटी छापून येते. 'ओलिंबियाकोस फुटबॉल क्लबचा वॉटर पोलो संघ' असं काही अस्तित्वातच नाही. मूळ संस्था आहे ती बहुक्रीडा संस्था, ग्रीक लोक तिला 'एरासितेखनिस' म्हणजे हौशी म्हणतात. पोहणं, वॉटर पोलो (तलावात पोहत चेंडूने गोल करायचा खेळ), व्हॉलीबॉल असे विभाग तिच्या छत्राखाली चालतात. व्यावसायिक फुटबॉलची कंपनी निराळी, बास्केटबॉलची निराळी. फुटबॉलचे मालक एव्हांगेलोस मारिनाकिस जहाजमालक आहेत, इंग्लंडातला नॉटिंगहॅम फॉरेस्टही त्यांच्याकडेच आहे, म्हणून सगळा प्रकाश तिकडे. घर एकच, पण गल्ल्याच्या पेट्या वेगळ्या. ज्या पेटीत खुर्दा असतो तिच्या मालकांनी युरोपात काय केलंय ते आता बघा.

२००२ साली बुडापेस्टमध्ये वॉटर पोलोच्या युरोपीय क्लब अजिंक्यपदाची अंतिम लढत होती. समोर होन्वेद, त्याच शहरातला संघ. हंगेरीत वॉटर पोलो म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. तिथे, त्यांच्या अंगणात, ओलिंबियाकोसने ९-७ ने सामना काढला. त्याच वर्षी देशातली लीग, चषक आणि युरोपचा सुपर कपही घेतला. मग सोळा वर्षांनी, २०१८ मध्ये, जेनोआला अंतिम लढत. समोर प्रो रेक्को, जो तोवर आठ वेळा युरोप जिंकलेला संघ, आणि रेक्को हे गाव जेनोआला अगदी लागून. पुन्हा दुसऱ्याचं अंगण, आणि गंमत म्हणजे पुन्हा ९-७. पट्टीच्या पोहणाऱ्यांना त्यांच्याच घरी पाणी पाजणं म्हणतात ते हे. प्रशिक्षक होते थोदोरिस व्लाखोस. तेच पुढे राष्ट्रीय संघ घेऊन टोकियो ऑलिंपिकला गेले, त्या संघाने उपांत्य फेरीत हंगेरीला ९-६ ने हरवलं आणि अंतिम फेरीत सर्बियाकडून १३-१० ने हरून रौप्यपदक आणलं.

आणि मुलींचा संघ? २०१४ मध्ये युरोपची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा, २०१५ मध्ये सर्वोच्च अजिंक्यपद, मग २०२१ आणि २०२२ असं सलग दोनदा पुन्हा तेच.

म्हणजे ज्या दिवशी तुम्ही 'पहिलंच' छापलंत त्या दिवशी या क्लबकडे वॉटर पोलोची पाच सर्वोच्च युरोपीय विजेतेपदं होती. बास्केटबॉलची तीन धरलीच नाहीत मी, १९९७, २०१२ आणि २०१३ ची. 'ग्रीसचा पहिला क्लब' या वाक्याचं तर काय करावं? १९६८ मध्ये अथेन्सच्या एईके क्लबने बास्केटबॉलचा युरोपीय चषक जिंकला तो सामना १८९६ च्या ऑलिंपिकच्या संगमरवरी स्टेडियममध्ये झाला होता आणि त्याला ऐंशी हजार माणसं होती. पाण्यातही ओलिंबियाकोसच्या मुलींच्या आधी ग्लिफादाच्या मुलींनी २००० आणि २००३ मध्ये आणि वुलियाग्मेनीच्या मुलींनी २००९ आणि २०१० मध्ये युरोप जिंकलेला होता. दोन्ही अथेन्सच्या दक्षिणेची किनाऱ्यावरची उपनगरं, ट्राममधून किंवा बसमधून पोचता येतील अशी.

आता म्हणाल, या काकांना हे सगळं तोंडपाठ कशाला? तर मीही तुमच्यासारखाच अर्धवट होतो. मला शहाणं केलं ते आमच्या कंपनीच्या एका सुपरिंटेंडंटने.

२०१४ च्या अखेरीस आमचं जहाज पेरामाला गोदीत होतं. पाइपांचं काम लांबलं होतं, स्पेअर अडकून पडले होते. एका संध्याकाळी मी सहज त्याला म्हटलं की तुमच्या ओलिंबियाकोसचं नाव ऐकून आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या बॉयलरला नावं ठेवली असावीत. "आमच्या घरात तो शब्द उच्चारत नाहीत," म्हणाला. त्याचे वडील एथ्निकोसचे. हाही पिरेअसचाच क्लब, निळ्या-पांढऱ्या रंगाचा. दोघं एकमेकांना शब्दशः पाण्यात पाहणारे. त्याने मला ऐकवलं की वॉटर पोलोत एथ्निकोसची राष्ट्रीय विजेतेपदं अडतीस, की पन्नासच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं पिरेअसच्या पाण्यात दुसऱ्या कोणाचं नावच नव्हतं, आणि ज्याला आज सगळे 'थ्रिलोस' म्हणजे दंतकथा म्हणतात तो ओलिंबियाकोस १९७१ नंतर लीग जिंकायला १९९२ पर्यंत ताटकळला. एथ्निकोसचं अडतिसावं विजेतेपद २००६ चं. त्यानंतर आलं नाही. हे शेवटचं वाक्य त्याने खाली बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तोच मला सामन्याला घेऊन गेला. ओलिंबियाकोसच्याच! मुलींचा लीगमधला सामना होता, पापास्त्रातिओ तलावावर. बंदिस्त तलाव, आत शिरल्याबरोबर चष्म्यावर वाफ आणि नाकात क्लोरीन. मी काच पुसून बसलो तेव्हा एक दृश्य पाहिलं जे टीव्हीवर कधी दाखवत नाहीत. सामन्याआधी मुली काठावर रांगेत उभ्या, दोन्ही हात पुढे केलेले, आणि पंच प्रत्येकीच्या बोटांवरून हात फिरवून नखं तपासतायत. शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर आमचे मास्तर करायचे तसं. एकीचं नख टोचलं असावं. तिला बाजूला काढलं, तिने घासणी घेऊन तिथेच काठावर बसून अंगठ्याचं नख घासलं, पुन्हा दाखवलं, मग पाण्यात उडी. सुपरिंटेंडंट म्हणाला, पाण्याखाली काय चालतं ते कळलं की तुला या नखांचं महत्त्व कळेल.

कळलं, पहिल्या पाच मिनिटांत. एका बाजूला सात जणी, त्यात एक गोलरक्षक. तळाला पाय टेकवायची मुभा नाही, गोलरक्षक सोडून कोणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत. वरून दिसतात फक्त कानाला जाळीच्या वाट्या असलेल्या टोप्या आणि खांदे. खाली मात्र पाय सतत गोल गोल फिरत असतात, अंडी फेटावीत तसे, एक डावीकडून, एक उजवीकडून. आमच्या खाडीत पोरं पाणी तुडवत उभी राहतात ते पाहिलंय, पण पाणी तुडवत असताना कोणी पाठीवर लोंबकळतंय, कोणी पोहण्याचा पोशाख मागून ओढतंय आणि तरीही मांडीपर्यंत पाण्याबाहेर उसळून एका हाताने चेंडू मारायचा, हे मी इंजिनिअर म्हणून सांगतो, कोणत्याच हिशेबात बसत नाही. नियम मोडलेली मुलगी कोपऱ्यात जाऊन नाकापर्यंत पाण्यात राहून वाट बघते, डोळे तेवढे घड्याळावर. मला त्या कोपऱ्यातली मुलगी सबंध सामनाभर आठवत राहिली, खरं तर आजही आठवते.

प्रेक्षक फार नव्हते. पण होते त्यांच्यात एक ढोल होता, आणि बंद छताखाली एक ढोल पुरतो. लाल-पांढरे मफलर, घोषणा फुटबॉलच्याच. त्या घोषणांमध्ये एक आकडा पुन्हा पुन्हा येत होता, सात. सुपरिंटेंडंटने विचारण्याआधीच सांगितलं. ८ फेब्रुवारी १९८१ ला कराइस्काकिस स्टेडियमच्या सात क्रमांकाच्या दारात चेंगराचेंगरीत एकवीस माणसं गेली. त्या सात नंबरच्या दाराचं नाव लावणारे पाठीराखे आजही फुटबॉलला असतात, आणि त्यातले काही या मुलींच्या सामन्यालाही येतात. तो स्वतः पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसला होता. एकदाही टाळी नाही. फक्त शेवटच्या सत्रात एका मुलीने पाठ गोलकडे असताना, मागे न बघता, मनगटाने चेंडू जाळ्यात टाकला तेव्हा त्याच्या घडीतला एक हात सुटला आणि गुडघ्यावर पडला. मी काही बोललो नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी भर समुद्रात होतो. एका सकाळी कंपनीच्या रोजच्या मेलमध्ये स्पेअरच्या यादीखाली त्याने एक ओळ लिहिली होती, '१०-९, सबादेल'. बाकी काही नाही. मुली स्पेनच्या सबादेलला पिरेअसमध्येच अंतिम लढतीत एका गोलने हरवून युरोपच्या अजिंक्य झाल्या होत्या. एथ्निकोसच्या घरातल्या माणसाला ती बातमी स्पेअरच्या यादीत कोंबून का होईना पाठवाविशी वाटली. आपल्याकडे त्या दिवशीचा एकही अंक मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. अंदाज मात्र करतो.

पोहण्याच्या शर्यतींचं सांगायचं राहिलं, आणि इथे तुमच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं.

पिरेअसच्या झेआच्या उपसागरात आज श्रीमंतांच्या नौका दाटीने उभ्या असतात. ११ एप्रिल १८९६ ला, पहिल्या आधुनिक ऑलिंपिकच्या पोहण्याच्या शर्यती त्याच पाण्यात झाल्या. तलाव नव्हताच. पाणी तेरा अंशांच्या आसपास थंड. हंगेरीचा अठरा वर्षांचा आल्फ्रेड हायोश १०० आणि १२०० मीटर जिंकला, अंगाला चरबी चोपडून. ५०० मीटरला ऑस्ट्रियाचा नॉयमान पहिला, ग्रीसचे पेपानोस आणि खोराफास दुसरे-तिसरे. चौथी शर्यत फक्त ग्रीक नौदलाच्या खलाशांसाठी होती. उतरले तीन, जिंकला इओआनिस मालोकिनिस, १०० मीटरला वेळ २ मिनिटं २०.४ सेकंद. त्याच दिवशी त्याच अंतराला हायोशला लागली होती १ मिनिट २२.२ सेकंद. खलाशी पोहण्यात कच्चा असतो हे मी स्वतःच्या धंद्याबद्दल नेहमी सांगतो आणि लोकांना विनोद वाटतो.

त्या दिवसानंतर ग्रीसला पोहण्याचं ऑलिंपिक पदक मिळायला १२० वर्षं गेली. २०१६ मध्ये रिओला, कोपाकबानाच्या समुद्रात, १० किलोमीटरच्या शर्यतीत स्पिरोस यानिओतिस दुसरा आला. तो ओलिंबियाकोसचा. जन्म लिव्हरपूलचा, आई इंग्लिश, वाढला कॉर्फू बेटावर, आणि २०११ आणि २०१३ असा दोनदा या अंतराचा जगज्जेता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची ज्योत ऑलिंपियात पेटली तेव्हा पहिली मशाल याच्या हाती होती, आणि त्या लंडनला पदक हुकून तो चौथा आला. रिओला वय छत्तीस. १ तास ५२ मिनिटं ५९.८ सेकंद, ही त्याची वेळ आणि हीच विजेत्या नेदरलँड्सच्या वेर्टमानची वेळ. दहा किलोमीटर पोहून निकाल लागला तो फोटो बघून.

मग १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. २०० मीटर बॅकस्ट्रोकची अंतिम शर्यत. ओलिंबियाकोसचा अपोस्तोलोस ख्रिस्तू दीडशे मीटरपर्यंत पुढे होता, शेवटच्या लांबीत हंगेरीच्या हुबर्ट कोसने त्याला गाठलं. ख्रिस्तू दुसरा. ग्रीसमध्ये सगळ्यांनी '१२८ वर्षांनी' असं लिहिलं. पण नीट बघितलंत तर १८९६ ची पदकं समुद्रातली आणि यानिओतिसचंही समुद्रातलंच, तेव्हा तलावातल्या पोहण्याच्या शर्यतीत ग्रीसला मिळालेलं ऑलिंपिक पदक हेच पहिलं. इथे 'पहिलं' छापायला हरकत नव्हती. आणि झेआप्रमाणे इथेही पुढे हंगेरीचाच माणूस.

दुसऱ्या दिवशी तुमच्या अंकांत ख्रिस्तू शोधला, एका ओळीतही सापडला नाही. पण त्या दिवशी मी रागावलो नाही. १ ऑगस्टलाच आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं होतं. पान एक त्याचं, क्रीडा पान त्याचं, मधली पुरवणी त्याची, आणि तसंच असायला हवं होतं. मी स्वतः तीन अंक विकत घेतले. तेव्हा जागेची अडचण मला कळत नाही असं समजू नका. ज्या दिवशी जागा नसते त्या दिवशी काही छापू नका. माझा वाद ज्या दिवशी जागा असते आणि तिच्यात चुकीचं छापलं जातं त्या दिवसाबद्दल आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये या क्लबला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने एक-दोन ठिकाणी जे आलं त्यातही पुन्हा एल काबी, पुन्हा फुटबॉल, पुन्हा 'पहिलं'. एकदा छापलेली चूक पुढच्या माणसाला संदर्भ म्हणून सापडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जहाजावर लॉगबुकात चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. एक रेघ मारायची, वरची अक्षरं वाचता आली पाहिजेत, बाजूला बरोबर नोंद आणि सही. त्याने कुणाची अब्रू जात नाही. मी स्वतः कित्येकदा मारल्या आहेत अशा रेघा.

उच्चाराचंही एक. ग्रीक माणूस 'ओलिंबियाकोस' म्हणतो, शेवटच्या 'को'वर जोर देऊन. तुम्ही 'ऑलिंपियाकॉस' लिहा नाहीतर 'ऑलिम्पियाकोस', माझी तक्रार नाही, फक्त एकाच बातमीत दोन्ही लिहू नका.

शेवटी, तुमचं काम हलकं व्हावं म्हणून मजकूर मीच तयार करून देतो. मोजून पाहिलाय, एका कॉलममध्ये मावतो:

'दुरुस्ती : ३१ मे २०२४ च्या अंकात ओलिंबियाकोस क्लबला पहिलेच युरोपीय विजेतेपद मिळाल्याचे म्हटले होते. ते फुटबॉलमधील पहिले होते. वॉटर पोलोमध्ये या क्लबच्या पुरुष संघाने २००२ व २०१८ मध्ये आणि महिला संघाने २०१५, २०२१ व २०२२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळवले आहे.'

जागा फारच कमी पडली तर पहिलं वाक्य काढा, शेवटचं ठेवा.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर, रत्नागिरी